दहा फुटी हॉलसाठी गेमिंग प्रोजेक्टर: आधी टेप, मग मॉडेल

गेमिंगसाठी प्रोजेक्टर घ्यायचं ठरलं की आपण लगेच मोबाईल उघडून मॉडेलं बघत बसतो. त्याआधी एक संध्याकाळ मोजमापाला द्या. नवी मुंबईत ऐरोली घ्या, कोपरखैरणे घ्या, नेरुळ घ्या, वन बीएचकेचा हॉल बऱ्याचदा दहा फुटांच्या आसपासच रुंद असतो. आपल्याकडे कुठला प्रोजेक्टर चालेल, हे निम्मं तिथेच ठरतं.

भिंत आणि अंतर

१०० इंची चित्र म्हणजे २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२५ सेंटिमीटर उंच. भिंतीवर मास्किंग टेपने चार कोपरे आखा आणि सोफ्यावर बसून बघा. स्विचबोर्ड, एसीचा पाईप, देव्हारा, काहीतरी हमखास मधे येतं. कोपऱ्यातला नकाशा बघायला मान वळवावी लागत असेल, तर सरळ ८० इंचांवर या.

आता थ्रो रेशो. लेन्सपासून भिंतीपर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी, एवढंच त्याचं गणित. दहा फूट म्हणजे ३०५ सेंटिमीटर. त्यातून प्रोजेक्टरची खोली आणि मागच्या वायरींची जागा मिळून ४० वजा करा, उरले २६५. थ्रो रेशो १.२ असेल तर १०० इंच जेमतेम बसतात. १.५ असेल तर ८० इंचांवर गाडी थांबते. शॉर्ट थ्रो, म्हणजे ०.५ च्या आसपासचा असेल, तर भिंतीपासून सव्वा मीटरच्या आत काम होतं. शिवाय स्वयंपाकघरातून बेल वाजली म्हणून दाराकडे निघालेल्या माणसाची सावली ऐन मॅचमध्ये पडत नाही. भिंतीला जवळपास चिकटून ठेवायचे अल्ट्रा शॉर्ट थ्रो मात्र प्लास्टरचा प्रत्येक उंचवटा दाखवतात. त्यांना चांगला पडदा लागतोच, तो खर्च आधीच धरा.

छताला टांगायचा बेत असेल तर प्रकाशाच्या वाटेत पंख्याची पाती येतात का ते बघा. आली तर चित्र सतत लपलपतं, आणि मे महिन्यात पंखा बंद करून कोण खेळणार?

लॅग: इथे तडजोड नको

सिनेमाला चालणारा प्रोजेक्टर गेमला चालेलच असं नाही. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत जो उशीर होतो, त्यात प्रोजेक्टरचा वाटा म्हणजे इनपुट लॅग. ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं असताना, एक चित्र म्हणजे फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची असते, १२० हर्ट्झला ८.३ ची. लॅग २० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेकांना जाणवतही नाही. ३०-४० पर्यंत गोष्टीचे, भटकंतीचे गेम निवांत खेळता येतात. पन्नासच्या पुढे गेलं की क्रिकेटच्या गेममध्ये टायमिंग बरोबर वाटूनही दांडी उडते आणि आपण कंट्रोलरला शिव्या देतो.

गेम मोड, म्हणजे चित्रावरची प्रक्रिया कमी करून लॅग घटवणारी सेटिंग, आहे का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न फार कमी लोक विचारतात: कीस्टोन लावल्यावर लॅग किती होतो? तिरकं चित्र सॉफ्टवेअरने सरळ करायला वेळ लागतो, वर तपशीलही थोडा जातो. काही प्रोजेक्टरांत तर कीस्टोन चालू असताना जलद मोड मिळतच नाही. त्यामुळे प्रोजेक्टर भिंतीसमोर सरळ बसेल अशी जागा घरात आहे का, हे आधी पाहा.

दुकानात याची परीक्षा घेता येते. आपला लॅपटॉप एचडीएमआयने जोडा, दोन्हीकडे तेच चित्र ठेवा, मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालू करा आणि मोबाईलने दोन्ही पडदे एकाच फोटोत घ्या. लॅपटॉपवर १२.४८० आणि भिंतीवर १२.४२० दिसलं, तर फरक ६० चा. पाच-सहा फोटो काढून सरासरी घ्या. प्रयोगशाळेची अचूकता यात नाही, पण थापा पकडायला पुरेसं आहे. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.

बॉक्सवरचे आकडे

‘फोर-के सपोर्टेड’ म्हणजे फोर-के सिग्नल घेतो, दाखवेलच असं नाही. नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे तो प्रत्यक्षात किती पिक्सेल दाखवतो, ते विचारा. माझ्या मते मध्यम बजेटमध्ये खरा १०८० पी आणि १२० हर्ट्झ घेणं शहाणपणाचं. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्सवर फोर-के, १२० हर्ट्झ हवंच असेल तर प्रोजेक्टरला एचडीएमआय २.१ पोर्ट लागेल.

प्रकाशासाठी एएनएसआय किंवा आयएसओ ल्युमेन्सच, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेडच धरा. स्वस्त डब्यांवरचे नऊ-दहा हजारांचे आकडे सोडून द्या. पूर्ण अंधारात १०० इंचांना खरे पाचशे-सातशेही भागतात, ट्यूबलाइट चालू ठेवायची तर अडीच हजारांच्या वर जा. काळा रंग कुठलाच प्रोजेक्टर फेकू शकत नाही. उजेडात भिंत जितकी काळी दिसेल तितकाच तुमचा काळा, म्हणून भुताखेताच्या गेमला जाड पडदे लागतातच.

एका चिपच्या डीएलपीत (बारीक आरशांच्या चिपने चित्र बनवणाऱ्या प्रोजेक्टरांत) काहींना चित्राच्या कडांना इंद्रधनुष्यी झळाळी दिसते. घरातल्या सगळ्यांना एकदा दाखवून घ्या.

आवाजासाठी ब्लूटूथ स्पीकर नको, त्यात वेगळा उशीर वाढतो. वायर लावा.

पैसे देण्याआधी

२२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुन्या किमतीशी तुलना करताना सावध राहा. सेकंडहँड घेत असाल तर मेनूमध्ये दिव्याचे तास बघा. साधा दिवा काही हजार तासांत उतरतो, लेझरचं आयुष्य बहुधा २० हजार तासांचं सांगतात. उलवे-खारघरसारख्या बांधकामांच्या पट्ट्यात राहत असाल तर धूळ आत जाणार नाही असं बंद ऑप्टिक्स किंवा निदान धुता येणारा फिल्टर बघा. सर्व्हिस सेंटर नवी मुंबईत किंवा मुंबईत आहे ना, आणि दिव्याची वॉरंटी मशीनच्या वॉरंटीपेक्षा कमी तर नाही ना, हे बिल करण्याआधी लेखी घ्या.