सीरममधली दुर्मिळ प्रथिनं का निसटतात? या चुका टाळा

सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये ६० ते ८० मिलिग्रॅम प्रथिनं असतात. त्यातलं निम्म्याहून जास्त एकटं अल्ब्युमिन. इंटरल्यूकिन-६ हे दाह झाला की वाढणारं प्रथिन मात्र निरोगी माणसात जेमतेम काही पिकोग्रॅम (एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग). जोतिबाच्या चैत्र यात्रेत, सगळे गुलालाने माखलेले असताना, चुकलेलं पोर शोधण्यातला प्रकार! सिग्नल आला नाही की आपण मशीनला बोल लावतो. घोळ बहुतेकदा नळीतच झालेला असतो.

गडहिंग्लजकडच्या एका शिबिरातून एकदा सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवलेलं रक्त थेट बर्फात खुपसून, गाडीत हिंदकळत कोल्हापुरात आलं. सीरम निघालं ते कोकम सरबतासारखं गुलाबी. पेशी फुटल्या की हिमोग्लोबिन सगळं झाकून टाकतं. असं सॅम्पल सरळ बाद करा. रक्त नळीत उभं ठेवून साधारण अर्धा तास गोठू द्या, तिथल्या तिथे फिरवा आणि वेगळं केलेलं सीरमच बर्फात पाठवा. घाई केलीत तर फायब्रिनचे, म्हणजे गुठळीचे, तंतू पुढे अल्ब्युमिन अडकवून घेणारा कॉलम तुंबवतात. आणि वहीत नुसतं '३००० आरपीएम' (मिनिटाला फेरे) लिहू नका: रोटरची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर ते सुमारे १००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या हजार पट), १६ असेल तर १६०० जी.

उपाशीपोटी रक्त घ्या, हे वेगळं सांगायला नको. दुपारी तांबडा-पांढरा ओरपून आलेल्याचं सीरम दुधाळच दिसणार.

खरी गफलत दुर्मिळ प्रथिनं दिसावीत म्हणून कॉलममधून अल्ब्युमिन काढताना होते. मुळात एलायझा (अँटिबॉडी वापरून एखादं प्रथिन मोजणारी चाचणी) करायची असेल तर ते काढायचंच कशाला? तिथली अँटिबॉडी गर्दीतूनही आपलं प्रथिन उचलते. ही उठाठेव मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी, म्हणजे वस्तुमानावरून प्रथिनं ओळखण्याच्या तंत्रासाठी. तिथेही ९९ टक्के अल्ब्युमिन गेलं म्हणून हुरळू नका. मिलिलिटरला ४० मिलिग्रॅम धरलं तर उरतं ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४ पिकोग्रॅमच्या दहा कोटी पट! जास्त माल मिळावा म्हणून कॉलमच्या क्षमतेपेक्षा जास्त सीरम ओतलं तर उरलेलं अल्ब्युमिन बांधलंच न जाता तुमच्या सॅम्पलमध्ये उतरतं.

शिवाय अल्ब्युमिन एकटं जात नाही. त्याला चिकटलेली छोटी प्रथिनं आणि पेप्टाइडही सोबत जातात. म्हणून कॉलमला अडकलेला भाग फेकू नका; तो सोडवून घ्या, जपून ठेवा आणि निदान एकदा तरी तपासा.

कॉलममधून आलेलं द्रावण पातळ असतं, साध्या नळीच्या भिंतीलाच त्यातली प्रथिनं चिकटतात. लो-बाइंड नळ्या वापरा. सीरमचे छोटे वाटे करून उणे ८० अंशांवर ठेवा. एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवू नका. बॅकअप नसलेल्या फ्रीझरवर, वळवाच्या पावसात लाईट गेली की, कसला भरवसा?

एवढं करूनही काही दिसेना? मग सीरममध्ये सहसा नसलेलं एखादं प्रथिन मोजून सुरुवातीलाच घाला आणि प्रत्येक पायरीनंतर ते किती उरलं ते मोजा. जिथे आकडा धाडकन खाली येतो, तिथेच तुमचं पोर चुकलंय.