उष्ण हवेसाठी भाज्यांचे वाण कसे निवडावेत : कोकण किनारपट्टीच्या परसबागेसाठी मार्गदर्शन

आमच्या कोकणातील परसबागेत पहिल्या वर्षी लावलेली फुलकोबी फेब्रुवारीपर्यंत गुडघाभर वाढली, पाने सुपाएवढी झाली, परंतु एकाही झाडाने गड्डा धरला नाही. खत कमी पडले असेल, पाणी जास्त झाले असेल, असे तर्क पुष्कळ झाले. खरे कारण बियाण्याच्या पुडीवरच छापलेले होते. तो वाण स्नोबॉल गटातील होता, आणि या गटाला गड्डा धरण्यासाठी साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसची थंडी काही आठवडे लागते. कोकणच्या किनाऱ्यावर जानेवारीतसुद्धा रात्रीचे सरासरी तापमान १७ ते २० अंशांच्या आसपास असते. म्हणजे त्या झाडांनी सबंध हिवाळा थंडीची वाट पाहण्यात घालवला.

उष्ण प्रदेशात ऊन आणि ऊब यांची टंचाई नसते. टंचाई असते ती थंड रात्रींची, आणि पावसाळ्यात कोरड्या पानांची. त्यामुळे येथे वाण निवडताना तो किती उत्पन्न देतो, फळ किती मोठे दिसते, हे प्रश्न मागे ठेवावेत आणि त्याला रात्रीची थंडी किती लागते, दिवस किती मोठा लागतो व आपल्या मातीतील रोग तो किती सोसतो, हे आधी विचारावे.

पहिली पायरी : स्वतःच्या जागेची नोंद

बियाणे पाहण्यापूर्वी एका वहीत जागेची माहिती लिहून काढावी. रात्रीचे किमान तापमान ही त्यातील सर्वांत महत्त्वाची नोंद होय. दिवसाचे कमाल तापमान सर्वांच्या तोंडी असते, परंतु टोमॅटो, कोबी, बटाटा यांसारख्या पिकांचे भवितव्य बहुतेक वेळा रात्री ठरते. ‘महाराष्ट्रासाठी शिफारस’ एवढ्या शब्दांवर विसंबून चालत नाही, कारण नाशिक जिल्ह्यातील निफाडला एखाद्या हिवाळ्यात पारा पाच अंशांच्या खाली जातो, तर त्याच दिवशी रत्नागिरीत साध्या चादरीवर भागते.

त्याखालोखाल माती पाहावी. कोकणातील जांभ्यापासून बनलेली माती आम्लधर्मी असते व पाण्याचा निचरा झटपट होतो. खाजणालगतच्या जमिनीत क्षार असतात. शेवटी ऊन मोजावे. फळभाज्यांना दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन लागते. नारळ-सुपारीच्या सावलीत वांगी लावून हळहळण्यापेक्षा तेथे अळू किंवा सुरण लावावे. सुरणात ‘गजेंद्र’ हा वाण घशाला कमी खाजतो.

दुसरी पायरी : हंगामाप्रमाणे वेगळी यादी

एकच यादी वर्षभर वापरू नये. पावसाळा, हिवाळा व उन्हाळा यांच्या तीन याद्या कराव्यात, आणि एका भाजीचे नाव दोन याद्यांत आले तरी वाण वेगळा असू शकतो हे ध्यानात ठेवावे. मुळा हे याचे सोपे उदाहरण आहे. ‘पुसा चेतकी’ उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या आरंभीही ४० ते ४५ दिवसांत काढणीस येतो, तर ‘पुसा हिमानी’ थंडीचाच वाण आहे. गाजरातही ‘नान्तेस’ या युरोपीय गटाला थंडी लागते. ‘पुसा केसर’सारखे आशियाई वाण अधिक ऊब सोसतात आणि ‘पुसा वृष्टी’ तर पावसाळी दमट हवेसाठीच निवडलेला आहे.

पावसाळ्याच्या यादीत कारली, पडवळ, दोडका, काकडी, भेंडी, माठ आणि मायाळू असावीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे ‘कोकण तारा’ कारले, ‘कोकण हरिता’ दोडका आणि ‘शीतल’ काकडी हे वाण याच हवेत निवडलेले असल्यामुळे त्यांच्यापासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते. वेलांना मांडव मात्र हवाच. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भागात जमिनीवर पसरलेला वेल, वाण कोणताही असो, कुजतो.

हिवाळ्याच्या यादीसाठी भाताच्या जाती सांगताना आपण जे हळवे (लवकर तयार होणारे), निमगरवे (मधल्या मुदतीचे) आणि गरवे (उशिरा तयार होणारे) हे शब्द वापरतो तेच उपयोगी पडतात. किनाऱ्यावरचा हिवाळा आखूड असतो. त्यात हळवे वाणच बसतात. गरव्या वाणाचे उत्पन्न कागदावर जास्त दिसते, पण तो भरात येईपर्यंत मार्च उजाडतो.

तिसरी पायरी : थंडीची गरज तपासणे

फुलकोबीकडे पुन्हा वळावे लागते, कारण वाणांमधला फरक इतक्या ठळकपणे दाखवणारी दुसरी भाजी नाही. ही भाजी १८२२ साली इंग्लंडहून भारतात आली आणि सहारनपूरच्या कंपनी बागेत प्रथम लावली गेली. त्यानंतरच्या शंभरएक वर्षांत उत्तर भारतातील शेतकऱ्यांनी उन्हातही गड्डा धरणारी आणि मैदानातच बी देणारी झाडे निवडत निवडत एक वेगळाच भारतीय गट घडवला. आज हळव्या गटातील ‘पुसा दीपाली’ किंवा ‘पुसा मेघना’ यांसारखे वाण साधारण २० ते २७ अंशांतही गड्डा धरतात. मधल्या गटांना १२ ते २० अंशांच्या दरम्यानचे तापमान लागते, आणि स्नोबॉलचा गट सर्वांत शेवटी येतो.

किनाऱ्यावर म्हणून पहिल्या गटाशिवाय दुसरीकडे पाहूच नये. सप्टेंबरमध्ये आडोशाला गादीवाफ्यावर रोपे करून ऑक्टोबरच्या मध्यास पाऊस ओसरताच ती लावावीत. घाटावरच्या वाचकांनी उलटी चूक टाळावी: हाच हळवा वाण तेथे डिसेंबरात लावला, तर थंडी लवकर लागून झाड लहान असतानाच बटणाएवढा गड्डा येतो.

टोमॅटोचे दुखणे थोडे निराळे आहे. रात्रीचे तापमान २४ अंशांच्या वर राहू लागले की परागकण दुबळे होतात व फुले गळतात. दिवसा ३० अंशांच्या पुढे लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, म्हणून एप्रिलमधील फळे पिवळट राहतात. उष्णता सोसणारे वाण ही मर्यादा अंश-दोन अंशांनी पुढे ढकलतात, पुसून टाकत नाहीत. तेव्हा किनाऱ्यावर टोमॅटोची रोपे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावणे हाच पहिला उपाय, आणि वाण हा दुसरा.

पालेभाज्यांत ‘पालक’ या एका नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. आपला नेहमीचा पालक बीटच्या कुळातला असून तो ऊब बऱ्यापैकी सोसतो. विलायती पालक मात्र दिवस मोठा होताच पाने सोडून फुलोऱ्यावर जातो. ज्याला हिरवी भाजी बारमाही हवी, त्याने माठ व मायाळू यांवरच भिस्त ठेवावी.

चौथी पायरी : दिवसाची लांबी

मुंबईच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. समशीतोष्ण देशांतील मोठ्या दिवसाच्या कांद्याला पोसण्यासाठी चौदा किंवा अधिक तासांचा उजेड लागतो. म्हणून परदेशातून कोणी प्रेमाने आणलेल्या कांद्याच्या बियांना येथे नुसती पात येते. आपल्याकडे लहान दिवसाचे वाणच लावावेत, आणि त्यांतही हंगाम पाहावा. पिंपळगाव बसवंतच्या केंद्राचे नाव मिरवणारा ‘बसवंत ७८०’ आणि ‘एन-५३’ हे खरिपाचे. ‘एन-२-४-१’ हा रब्बीचा, पाच-सहा महिने टिकणारा. खरिपाचा वाण रब्बीत लावल्यास डेंगळे (फुलांचे दांडे) व जोडकांदे वाढतात आणि माल साठवणीच्या चाळीत टिकत नाही. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संस्थेच्या वाणांतही हा फरक आहे: ‘भीमा किरण’ रब्बीसाठी आहे, तर ‘भीमा सुपर’ खरिपासाठी.

वालाची गोष्ट अधिक गमतीची आहे. पारंपरिक वेलीचा वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, मग तो जूनमध्ये पेरा की ऑगस्टमध्ये. जूनमध्ये पेरणारा माणूस चार महिने नुसता पाला पाहतो, वैतागतो आणि ऐन फुलोऱ्याच्या तोंडावर वेल उपटून टाकतो. ज्यांना इतर महिन्यांतही शेंगा हव्यात त्यांनी ‘अर्का जय’ किंवा ‘अर्का विजय’ असे दिवसाच्या लांबीला न जुमानणारे बुटके वाण घ्यावेत. चवळीत ‘कोकण सदाबहार’ नावाप्रमाणेच वागतो.

पाचवी पायरी : मातीतील आणि हवेतील रोग

उष्ण, दमट हवेत आणि आम्ल मातीत जिवाणूजन्य मर हा टोमॅटो, वांगी व मिरची यांचा मोठा शत्रू आहे. हिरवेगार झाड दोन दिवसांत, पाने पिवळी न होता, माना टाकते. खात्री करण्यासाठी जमिनीलगतचे खोड कापून त्याचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात अलगद टांगावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी धार खाली उतरू लागली, तर हाच रोग समजावा. अशा जागी साधा वाण पुन्हा लावण्यात अर्थ नाही. वांग्यात ‘अर्का निधी’, ‘अर्का केशव’ व ‘अर्का नीलकंठ’ आणि टोमॅटोत ‘अर्का रक्षक’ हे वाण या रोगाला तोंड देतात. ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण पर्णगुच्छ व लवकर येणारा करपा यांनाही प्रतिकार करतो. ज्यांना भरताचे किंवा गावचे आवडते वांगे सोडवत नाही, त्यांनी रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपे मिळवावीत.

भेंडीवरील केवडा, म्हणजे शिरा पिवळ्या करणारा विषाणू, पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. एकेकाळी ‘पुसा सावनी’ त्याला दाद देत नसे. पुढे तोच सर्वांत लवकर पिवळा पडू लागला. मग १९८०च्या दशकात परभणीच्या विद्यापीठाने भेंडीच्या रानटी भावंडाशी संकर करून ‘परभणी क्रांती’ आणला. त्याचा प्रतिकारही सर्वत्र पूर्वीइतका राहिलेला नाही. म्हणून रोगप्रतिकारक हा शब्द वाचताना तो वाण किती जुना आहे, हेही कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या बियाणे विक्री केंद्रात विचारावे. ‘अर्का अनामिका’ आणि ‘फुले उत्कर्षा’ हे या पिकातील आणखी दोन विचारार्ह वाण आहेत.

सहावी पायरी : नाव आणि पुडी वाचणे

वाणाच्या नावातील पहिला शब्द त्याचे माहेर सांगतो. ‘फुले’ म्हणजे राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, ‘कोकण’ म्हणजे दापोली, ‘परभणी’ उघडच आहे, ‘अर्का’ म्हणजे बंगळुरूजवळील फलोद्यान संशोधन संस्था, ‘काशी’ म्हणजे वाराणसीची भाजीपाला संस्था आणि ‘पुसा’ म्हणजे दिल्लीची कृषी संशोधन संस्था, जी मूळची बिहारमधील पुसा गावची आणि १९३४च्या भूकंपानंतर दिल्लीला हलवलेली. दिल्लीच्या हिवाळ्यात निवडलेला वाण कोकणात चालणारच नाही असे नाही, ‘पुसा चेतकी’ चालतोच. परंतु समान गुणांचे दोन वाण समोर असतील, तर आपल्यासारख्या हवेत जन्मलेला वाण आधी घ्यावा.

पुडीवर पेरणीचा काळ, उगवणक्षमता, चाचणीची तारीख आणि वैधतेची मुदत या चार नोंदी शोधाव्यात. प्रमाणित बियाण्याची चिठ्ठी निळी असते, सत्यप्रत (उत्पादकाने स्वतःच्या हमीवर विकलेल्या) बियाण्याची हिरवी. कायद्याने भेंडीला किमान ६५, टोमॅटोला ७० व मिरचीला ६० टक्के उगवण लागते. कांद्याचे बी मात्र वर्षभरातच दम सोडते, म्हणून मागच्या हंगामातील उरलेली पुडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. पेरणीचा छापील काळ पुष्कळदा उत्तर भारताचा असतो, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

संकरित की सरळ (ज्याचे बी राखून तसेच पीक घेता येते असा) वाण, याविषयी हट्ट धरू नये. जेथे रोगाचा प्रश्न तीव्र आहे तेथे संकरित वाण घेण्यात कमीपणा नाही. फक्त त्याच्या फळातील बी पुढच्या वर्षी तसेच पीक देत नाही. भेंडी, वाल व चवळी यांचे सरळ वाण घेऊन स्वतःचे बी राखणे घरच्या घरी सहज जमते. काकडी आणि कारल्यात मधमाश्या शेजारच्या मांडवावरचा पराग आणतात, त्यामुळे वाण शुद्ध ठेवायचा तर कळीवर पिशवी बांधून हाताने परागण करावे लागते.

शेवटची पायरी : दोन वाण शेजारी शेजारी

एका भाजीचे दोनच वाण घ्यावेत आणि प्रत्येकी दहा झाडे एकाच वाफ्यात, एकाच दिवशी लावावीत. एक वाण गावात आधीपासून चालत आलेला असावा, दुसरा नवा. पहिले फूल, पहिली तोडणी, शेवटची तोडणी आणि मेलेल्या झाडांची संख्या एवढे चार आकडे वहीत लिहावेत. वजनकाटा असेल तर वजनही. वाफ्याच्या एका टोकाला पाणी साचत असेल, तर दोन्ही वाणांची झाडे एकाआड एक लावावीत, नाहीतर दोष पाण्याचा आणि बोल वाणाला, असे होते. एका हंगामात पाऊस लहरी असतो, म्हणून हीच जोडी पुढच्या वर्षी पुन्हा लावावी. दोन्ही वर्षे मागे पडलेल्या वाणाचे उरलेले बी घाटावरच्या नातेवाइकांकडे पाठवून द्यावे. आमची स्नोबॉलची अर्धी पुडी तशीच गेली आणि तिकडे तिला उत्तम गड्डे लागले.