हिमोलिसिसचा प्रयोग करताय? सुपरनेटंटच्या लाल रंगावर लगेच विश्वास ठेवू नका, या चुका टाळा

नाशिकमध्ये एमएस्सी नाहीतर बी. फार्म करणाऱ्यांच्या प्रोजेक्टमध्ये कुठेतरी द्राक्ष येतंच, बियांचा अर्क, सालींचा अर्क, वायनरीतून आणलेला चोथा, आणि तो अर्क पेशींना घातक आहे का बघायचं म्हटलं की सगळ्यात आधी हिमोलिसिस आठवतं, म्हणजे लाल रक्तपेशी फुटून आतलं हिमोग्लोबिन बाहेर येणं. कारण प्रयोग सोपा दिसतो. लाल पेशी धुवायच्या, त्यात अर्क टाकायचा, ३७ डिग्रीला तासभर ठेवायचं, सेंट्रिफ्यूज करायचं आणि सुपरनेटंट, म्हणजे वर राहिलेलं पाणी, किती लाल झालं ते स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५४० नॅनोमीटरला वाचायचं. पण लाल झालं म्हणजे अर्कानेच पेशी फोडल्या असं नसतं, आणि लाल झालं नाही म्हणजे अर्क निर्दोष असंही नसतं.

सगळ्यात जास्त चूक अर्क टाकायच्या आधीच होते. बारीक सुईने जोरात रक्त ओढलं, सुई न काढता सिरिंज दाबून ट्यूबमध्ये मारलं, ट्यूब खळाखळा हलवली, की पेशी तिथेच फुटतात. २१ किंवा २२ गेजची सुई घ्या, ईडीटीए किंवा हेपॅरिनची (रक्त गोठू न देणारी) ट्यूब हळूच उलटसुलट करा. धुताना ०.९ टक्के सलाईन किंवा ७.४ पीएचचं पीबीएस (फॉस्फेट बफर घातलेलं सलाईन) एवढंच वापरा, साधं डिस्टिल्ड वॉटर चुकून गेलं तर पेशी पाणी ओढून फुगतात आणि फुटतात. व्होर्टेक्स तर लावूच नका. तीनदा धुवूनही वरचं पाणी गुलाबीच येत असेल तर चौथ्यांदा धुवत बसण्यापेक्षा ते रक्त सोडून द्या, त्या पेशी आधीच कमजोर झाल्यात. आणि रक्त फ्रीजरमध्ये ठेवायचं नाही, ४ डिग्रीलाच, तेही शक्यतो त्याच दिवशी वापरायचं.

मटणाच्या दुकानातून बोकडाचं रक्त आणून काम करणारे बरेच असतात, ते चालतं, पण बोकडाची लाल पेशी माणसाच्या पेशीच्या साधारण निम्म्या आकाराची असते आणि सलाईन जरा पातळ झालं तरी पटकन फुटते, त्यामुळे त्या आकड्यांवरून माणसाबद्दल बोलू नका. माणसाचं रक्त घेणार असाल तर एथिक्स कमिटीची परवानगी आणि देणाऱ्याची लेखी संमती आधी, हे खरंच टाळू नका.

अजून एक, प्रोटोकॉलमध्ये 'रूम टेंपरेचर' लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये लॅबमध्ये घामाच्या धारा आणि जानेवारीत सकाळी बोटं आखडतात, मग दोन महिन्यांच्या रीडिंगची तुलना कशी होणार? सरळ वॉटर बाथ ३७ ला लावा.

आता अर्काकडे. काळ्या द्राक्षाच्या सालीचा अर्क मुळात लाल-जांभळा, तो ५४० च्या आसपास स्वतःच प्रकाश शोषतो, म्हणजे एकही पेशी न फुटता रीडिंग वर जातं. म्हणून अर्क अधिक बफर, पेशी नाहीत, अशी वेगळी ट्यूब प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला ठेवायची आणि तिचं रीडिंग वजा करायचं. अर्क आंबट असतो, तर पीएच बघा, नाहीतर आम्लानेच पेशी जातील आणि नाव पडेल अर्कातल्या पॉलिफिनॉलचं. डीएमएसओ किंवा इथेनॉलमध्ये विरघळवलं असेल तर तेवढंच सॉल्व्हंट टाकलेला कंट्रोल हवाच. आणि टॅनिन जास्त असेल तर ते हिमोग्लोबिनला धरून खाली बसतं, पेशी फुटलेल्या असतात पण सुपरनेटंट स्वच्छ दिसतं, तेव्हा तळातला गोळा बघा आणि एक थेंब मायक्रोस्कोपखाली घ्या.

ऑक्सिडंटवाल्यांची गडबड वेगळीच. हायड्रोजन पेरॉक्साइड, फिनाइलहायड्रॅझिन, कॉपर सल्फेट यांनी हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन (त्याचं ऑक्सिडाइज झालेलं रूप) होतं, रंग लालवरून चॉकलेटी होतो, ५४० चं रीडिंग घसरतं आणि पोरं लिहितात 'डोस वाढवल्यावर हिमोलिसिस कमी झालं'. तसं काही झालेलं नसतं! ६३० ला पण वाचा, तिथे वाढ दिसली तर मेथहिमोग्लोबिन आहे. अशा वेळी ड्रॅबकिन रिएजंटने सगळं हिमोग्लोबिन एकाच रूपात आणून मोजणं बरं, फक्त त्यात सायनाइड असतं, तेव्हा सरांच्या समोरच वापरा आणि त्याच्या बाटलीत आम्ल कधीच जाऊ देऊ नका. पेरॉक्साइडने काहीच होत नाही असं वाटलं तर पेशीतलं कॅटालेज एन्झाइम ते पेरॉक्साइड तोडून टाकतंय.

बागेत बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) वापरतात म्हणून कॉपरवर काम करणारे इथे भेटतात, आणि विषय महत्त्वाचा आहे, मोरचूद पोटात गेलेल्या माणसाच्या लाल पेशी खरोखर फुटतात. पण कॉपर पीबीएसमध्ये टाकलंत तर फॉस्फेटबरोबर साका बसतो आणि पेशींपर्यंत किती कॉपर पोचलं ते कळतच नाही. ट्रिस बफर टाकलेलं सलाईन घेतलंत तरी ट्रिससुद्धा थोडं कॉपर धरून ठेवतं, हेपेस बफर त्यापेक्षा बरं.

हिशोब करताना सॅम्पलच्या रीडिंगमधून निगेटिव्ह कंट्रोलचं (पेशी आणि नुसतं बफर) वजा, त्याला पॉझिटिव्ह वजा निगेटिव्हने भागा, १०० ने गुणा. पॉझिटिव्हला, म्हणजे सगळ्या पेशी फोडायच्या त्या ट्यूबला, १ टक्का ट्रायटॉन एक्स-१०० हे डिटर्जंट पुरतं, रीडिंग २ च्या वर गेलं तर सगळ्या ट्यूब सारख्याच पातळ करून परत वाचा. मेडिकल मटेरियलसाठी २ टक्क्यांपर्यंत नॉन-हिमोलिटिक, २ ते ५ थोडं, ५ च्या वर हिमोलिटिक असं धरतात, पण तुमचा निगेटिव्ह कंट्रोलच ट्रायटॉनच्या १० टक्के येत असेल तर तो दिवस सोडून द्या आणि नवीन रक्तावर परत करा.