ट्रेकच्या शेवटी जंगल लॉज: बॅग कुस्कोतच उघडा आणि झोपही तिथेच काढा

तीन आठवडे पाठीवर बॅग टाकून पेरू हिंडायचं, सालकान्तायचा डोंगरातला ट्रेक करायचा, माचू पिचू बघायचं आणि शेवटी ॲमेझॉनच्या एखाद्या लॉजवर मस्त पडून राहायचं असा माझा प्लॅन होता, त्यातलं "मस्त पडून राहायचं" सोडून बाकी सगळं झालं. आपल्याला लॉज म्हटलं की माथेरान आठवतं, झोपाळा, चहा, दुपारची झोप. इथे पहाटे चारला उठवायला येतात, दार वाजवत नाहीत कारण बऱ्याच लॉजवर खोलीला दारच नसतं, पडद्याबाहेरून हाक मारतात. पाचच्या आत बोटीत, दुपारी जेवण झालं की जरा लवंडायचं, मग परत चालायला, रात्री जेवणानंतर टॉर्च घेऊन अजून एक फेरी. त्यामुळे थकवा घालवायला लॉजवर जाऊ नका, थकवा घालवून लॉजवर जा. ट्रेक संपल्यावर दोन दिवस कुस्को शहरात नुसते लोळायला ठेवा, अजिबात काही बघू नका.

मी सांगतेय ते पुएर्तो माल्दोनादो शहर आणि तिथल्या ताम्बोपाता नदीच्या जंगलाबद्दल, कारण कुस्कोहून जंगलात जायचा हा सगळ्यात सोपा रस्ता. विमानाने जेमतेम तासभर, आणि कुस्कोच्या ३४०० मीटरवरून तुम्ही थेट २०० मीटरच्या आसपास उतरता. विमानाचं दार उघडलं की जूनमधल्या रत्नागिरीसारखी दमट हवा तोंडावर येते. श्वास एकदम मोकळा होतो, ट्रेकवर पंधरा पावलं चालून धापा टाकल्या असतील तर फार भारी वाटतं, पण घामाने अर्ध्या तासात शर्ट पिळून निघतो. बसनेही जाता येतं, रात्रभराचा दहा-अकरा तासांचा प्रवास. पैसे वाचतात पण ती बस आधी साडेचार हजार मीटरच्या वर चढते आणि मग वळणावळणाने खाली येते, ज्यांना घाट लागतो त्यांनी या फंदात पडू नये. दिवसा विमानाने गेलात तर खिडकीची सीट घ्या, मधेच हिरव्या जंगलात पिवळ्या-तपकिरी डबक्यांचे पट्टे दिसतात, त्या बेकायदा सोन्याच्या खाणी आहेत. त्यात पारा वापरतात आणि तो नदीत जातो, मासळीत उतरतो. तेवढं बघूनच लॉजचे पैसे जरा कमी टोचायला लागतात, कारण उभं जंगलही कमाई करून देतं हे इथे लॉजवाल्यांनीच दाखवलंय. इन्फिएर्नो नावाच्या गावातल्या एसे एहा आदिवासी आणि इतर कुटुंबांनी १९९६ मध्ये एका कंपनीशी करार करून स्वतःच्या जमिनीवर लॉज उभं केलं, त्या करारात नफ्यातला ६० टक्के वाटा गावाचा ठरला. लॉज निवडताना गावाला त्यातून काय मिळतं हे जरूर विचारा.

आता बॅग. ट्रेकवरून आलेली बॅग म्हणजे काय असते हे ट्रेकर्सना सांगायला नको. मी ओला टेंट तसाच गुंडाळून तळाशी ठेवला होता, म्हटलं लॉजवर वाळवू. जंगलात काहीही वाळत नाही. काहीही नाही. कोकणातल्या श्रावणात दोरीवर टाकलेली चादर चौथ्या दिवशीही दमटच लागते ना, तेच, वर भुरीचा वास फुकट. म्हणून कुस्कोत हॉटेलात पोचल्या पोचल्या बॅग पूर्ण उपडी करा, टेंट आणि स्लीपिंग बॅग तिथल्या कोरड्या उन्हात वाळवा, कपडे लावांदेरियात, म्हणजे लाँड्रीत टाका, गल्लोगल्ली असतात, किलोवर धुऊन देतात. आणि कपड्यांचा एक जोड पहिल्या दिवसापासून प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा, लॉजसाठीच, त्याला ट्रेकवर हात लावायचा नाही. पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट, सैल पॅन्ट, रंग फिका. जीन्स विसरा.

बरीच लॉजेस मोठी बॅग शहरातल्या ऑफिसात ठेवायला सांगतात आणि एक छोटी बॅगच बोटीत नेता येते, त्यामुळे काय कुठे आहे हे आधीच ठरवलेलं बरं, नाहीतर ऑफिसच्या फरशीवर चड्ड्या पसरून बसावं लागतं (बसले होते). छोट्या बॅगेत: हेडटॉर्च, पॉवर बँक, कारण बऱ्याच ठिकाणी वीज दिवसातून काही तासच असते, डीटवालं मच्छर क्रीम, पोंचो, दुर्बीण असेल तर सोनं, मोज्यांचे भरपूर जोड, आणि एक फ्लीस. हो, फ्लीस. सगळे लोक गरम कपडे मागे ठेवून येतात आणि मग मे ते ऑगस्टमध्ये कधीतरी फ्रियाहे येतं, म्हणजे दक्षिणेकडून थंड वाऱ्याची लाट, आणि पारा एका रात्रीत १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. ते नाही आलं तरी पहाटेच्या बोटीत वारा झोंबतोच. गमबूट लॉजवाले देतात, आपले ट्रेकिंग शूज तिथल्या चिखलात नेऊ नका. माझ्या पायाला ते गमबूट मोठे झाले, दोन मोजे चढवून भागलं. आणि रोज सकाळी बूट उलटा करून आपटायचा मग पाय घालायचा, ही सवय गावाकडच्यांना असतेच.

किती रात्री राहायचं? तीन. दोन रात्रींचं पॅकेज स्वस्त दिसतं पण पहिला दिवस पोचण्यात, शेवटचा निघण्यात, हातात राहतो एक दिवस, आणि तेव्हाच पाऊस पडला तर संपलं. पावसात मकाव, म्हणजे लांब शेपटीचे मोठे पोपट, मातीच्या कड्यावर येत नाहीत आणि तुम्ही तर त्यासाठीच गेलेला असता. या कड्याला तिकडे कोल्पा म्हणतात. नदीकाठची उभी मातीची भिंत, पहाटे आधी छोटे हिरवे पोपट येतात, मग मोठे मकाव, लाल, निळे-पिवळे, आधी झाडांवर बसून तास-तास नुसता आरडाओरडा करतात आणि मग एकदम सगळे उतरून माती खायला लागतात. चुंचोचा कोल्पा प्रसिद्ध आहे पण तो नदीच्या बराच वरच्या भागात आहे, लॉज शहराजवळ असेल तर बोटीतच कित्येक तास जातात, म्हणून बुक करताना "कोल्पाला जायला किती वेळ लागतो" हे थेट विचारा. जवळच्या स्वस्त लॉजवर राहणार असाल तर सांदोवाल तळं बघा, साधारण तीन किमी चिखलातून चालून मग होडी. जायंट ऑटर, म्हणजे मोठं पाणमांजर, दिसायची शक्यता तिथे असते, शिवाय होआत्झिन नावाचा शेंडीवाला पक्षी, तो गाईसारखी पानं पोटात आंबवून पचवतो आणि अंगाला वासही तसाच.

माती का खातात तर मुख्यतः सोडियमसाठी. समुद्र इथून फार लांब, झाडपाल्यात मीठ जवळजवळ नाही, त्यामुळे अख्खं जंगल मिठाला हपापलेलं आहे. ओंडक्यावर ऊन खात बसलेल्या कासवांच्या डोळ्यातलं पाणी फुलपाखरं पितात, हे इथे बोटीतून बघायला मिळतं. आणि तुम्ही तर तीन आठवड्यांचं मीठ पाठीवर घेऊन आलेला असता! माझ्या बॅगेच्या पट्ट्यांवर घामाचे पांढरे डाग होते, ती मी व्हरांड्यात टांगली तर दहा मिनिटांत त्यावर फुलपाखरं आणि बारक्या मधमाश्या. फोटो छान येतात, पण नंतर बॅग पाठीवर घेण्याआधी नीट झटका.

खोलीबद्दल एवढंच की अनेक लॉजवर चौथी भिंत नसते, समोर थेट जंगल. मच्छरदाणी गादीखाली घट्ट खोचा. खायचं काहीही खोलीत ठेवू नका, चिक्कीचा तुकडासुद्धा, मुंग्या आणि उंदीर दोघंही शोधून काढतात. पहाटे लांबून वादळ आल्यासारखा घोंगावता आवाज येईल, घाबरू नका, हाउलर माकडं असतात. कुठल्याही झाडाला आधारासाठी हात लावायचा नाही, सह्याद्रीतली ही सवय तिथे महागात पडते, काही झाडांमध्ये चावऱ्या मुंग्यांची वस्ती असते आणि इसुला नावाची मोठी काळी मुंगी चावली तर दिवसभर ठणकतं. रात्रीची फेरी मात्र चुकवू नका, पावसाळ्यात आंबोलीला बेडूक बघायला गेला असाल तर तसंच, फक्त इथे सोबतीला तळहाताएवढा टॅरेंट्युला कोळी.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा, आणि नुसतं "सिन कार्ने" (मांस नको) म्हणू नका, कारण तिकडे चिकन कार्नेत धरत नाहीत बरेचदा. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" (मांस नको, चिकन नको, मासे नकोत) अशी पूर्ण माळ म्हणा. भात, घेवडा, तळलेली केळी आणि युका भरपूर मिळतं, युका म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तोच कंद, म्हणजे उपवासवाल्यांचीसुद्धा सोय! कुपुआसू नावाच्या फळाचा रस प्यायला विसरू नका. सोलेसच्या, म्हणजे पेरूच्या चलनाच्या, सुट्ट्या नोटा शहरातूनच काढून न्या, नदीवर एटीएम नाही, आणि गाईडला टिप द्यायची असते.

परतीचं विमान लॉज सोडल्याच्याच दिवशी लीमाहून मुंबईला धरू नका. पाऊस, धुकं, रस्तारोको, काहीही होऊ शकतं, मधे एक रात्र लीमात ठेवा.

आणि हे शेवटी सांगतेय पण करायचं सगळ्यात आधी, यलो फीव्हरची लस. पेरू भारताच्या यादीत आहे, त्यामुळे तिकडून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि सर्टिफिकेट नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं. लस फक्त ठरावीक अधिकृत केंद्रांवर मिळते, वार ठरलेले असतात, अपॉइंटमेंट भरलेल्या असतात, आणि सर्टिफिकेट लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून निघायच्या महिनाभर आधी उरकून टाका. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. मलेरियाच्या गोळ्यांचं त्याच वेळी डॉक्टरांना विचारून घ्या. मुंबईला उतरताना ते सर्टिफिकेटचं पिवळं पुस्तक हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको, तिच्या तळाशी माझा तो टेंट होता.