आधी क्लब, मग गाडी

मी इंग्लंडात डिडकॉटला राहते आणि १९७० ची गडद हिरवी एमजीबी जीटी चालवते. पुण्यातल्या भावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एमजीची हेक्टरच ना?" नाही रे बाबा. एमजी म्हणजे मूळची मॉरिस गॅराजेस, ऑक्सफर्डची. माझी गाडी इथून जेमतेम दहा किलोमीटरवर, ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. तो कारखाना १९८० सालीच बंद पडला.

गाडी होती म्हणून मी जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या क्लबात गेले असं सगळ्यांना वाटतं. खरं तर आठ महिने मी तिथे बसने जात होते. तुम्हालाही हाच क्रम सुचवेन.

आमचा क्लब महिन्यातून एका मंगळवारी पबमध्ये जमतो. या बैठकीला इथे 'नॅटर' म्हणतात, म्हणजे निव्वळ गप्पा. पण खरी बैठक आत नसते, बाहेर पार्किंगमध्ये असते. उन्हाळ्यात अर्धा तास आधी पोचा. बॉनेट उघडी असतात, माणसं वाकून आत बघत असतात. एखाद्या गाडीपाशी उभं राहा आणि "कोणत्या सालची?" एवढंच विचारा. पुढची वीस मिनिटं तुम्हाला बोलावं लागत नाही. "केवढ्याला घेतली?" हा आपला लाडका प्रश्न मात्र गिळायचा. आणि गाडीला हात लावायचा नाही, टेकायचं तर मुळीच नाही.

आत गेल्यावर राउंडचा हिशेब सांभाळा. कुणी तुमच्यासाठी पेय आणलं तर पुढच्या खेपेला तुम्ही उठायचं. लिंबूपाणी पीत असलात तरी. मला जड गेलं ते ऐंशीच्या घरातल्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं. तोंडाने मी नाव घेते, मनात 'काका' म्हणते.

पहिल्या दोन बैठकांत मी गप्पच होते. तिसऱ्या वेळी साताऱ्यातल्या आमच्या अँबॅसिडरचा विषय निघाला. तिच्यात कित्येक वर्षं १४८९ सीसीचं जे इंजिन होतं, ते 'बी-सिरीज' या ब्रिटिश इंजिनांच्या घराण्यातलं. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं भावंड. बाबा दर रविवारी पॉलिश पेपरने डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट घासायचे हे मी सांगितलं, आणि चार खुर्च्या माझ्याकडे वळल्या. तुमच्याकडेही लँब्रेटा, हेराल्ड, मामांची जीप, काहीतरी असेलच. ते सांगा.

गाडी बघायला एकटे जाऊ नका. मी गेले होते. रंग चकचकीत, क्रोम आरशासारखं, विकणारा गोड. दुसऱ्या दिवशी क्लबातल्या एकाला सोबत नेलं. त्याने खिशातून कापडात गुंडाळलेलं फ्रिजचं मॅग्नेट काढलं आणि दाराखालच्या लांब पोकळ पट्टीवर, म्हणजे सिलवर, फिरवलं. मागच्या चाकाजवळ ते चिकटेचना. पत्रा गंजून गेलेला आणि वर नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. एमजीबीला वेगळी चासी नाही. सिल गेली की गाडीचा कणाच गेला. मॅग्नेट खिशात घालून आम्ही चहाला गेलो.

आता कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग. ती गाडी सोडून पुढे मी जी घेतली, ती ॲक्सिलरेटर दाबला की आधी गचका खायची आणि मग उचलायची. मी नवे प्लग, नवी डिस्ट्रिब्यूटर कॅप, कंडेन्सर असं सगळं मागवून बसले. पार्किंगमध्ये त्या ऐंशीच्या घरातल्या काकांनी दोनदा रेस द्यायला लावली, ऐकलं, आणि एकही पाना न घेता 'एसयू' बनावटीच्या कार्बोरेटरच्या डोक्यावरची काळी टोपी बोटांनी फिरवून काढली. टोपीला खाली बारीक दांडी आणि टोकाला इवलासा पितळी दट्ट्या असतो. दट्ट्या कोरडा ठणठणीत. आतल्या पोकळ नळीत तेल असावं लागतं. ते नसलं तर ॲक्सिलरेटर दाबताच आतला पिस्टन एकदम वर उडतो, हवा जास्त जाते, पेट्रोल कमी पडतं आणि गाडी गचका खाते. काकांनी कुपीतून २० ग्रेडचं तेल ओतलं आणि दट्ट्या परत सोडला. टोपी बसायला पाव इंच उरलं की हाताला अडसर लागला पाहिजे. तो लागला. दोन कार्बोरेटर असतात, दोन्हींत घाला. खर्च चमचाभर तेल. मागवलेली कंडेन्सर अजून ड्रॉवरमध्ये आहे.

काकांनी एक पथ्यही सांगितलं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग गाडी चालवून बघायची.

कागदपत्रांचं थोडक्यात. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स माफ आहे, पण तो आपोआप होत नाही, पोस्टात अर्ज करावा लागतो. मोठे फेरफार केले नसतील तर एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का याची वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. मी तरी दरवर्षी करते, कारण ब्रेकला गाडीचं वय कळत नाही. विमा 'ठरलेल्या किमतीचा' घ्या, म्हणजे गाडीची किंमत कंपनीशी आधीच ठरवून. क्लब फोटो बघून किमतीचं पत्र देतो. २०२१ पासून साध्या पंपावर ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल, मिळतं. त्यातलं इथेनॉल जुने रबरी पाइप खातं, म्हणून मी कमी इथेनॉलचं, महागडं ई५ भरते. आणि घरचे मेट्रिक पाने विसरा, हिला इंचाचे लागतात.

वर्गणी भरली की सभासद होता, पण लोक ओळखायला लागतात ते काम केल्यावर. मी पहिल्या वर्षी प्रदर्शनाच्या फाटकावर पिवळं जाकीट घालून पावसात पाच तास गाड्या आत सोडल्या. कुणाला पुढे, कुणाला डावीकडे, एवढंच काम. त्यानंतर नॅटरला माझी खुर्ची कुणी तरी धरून ठेवू लागलं. तुमची स्वतःची गाडी प्रदर्शनात लावाल तेव्हा एक लक्षात ठेवा: सांगितलेल्या वेळेआधी निघायचं नाही, गर्दीत पोरं फिरत असतात. गाडीखाली जुना ट्रे ठेवा. तेल गळणारच. थेंब बंद झाले तर काका म्हणतात, तेल संपलं असेल, बघ.

एप्रिलमध्ये ड्राइव्ह इट डे, म्हणजे जुन्या गाड्या रस्त्यावर काढायचा दिवस असतो, १९०० सालच्या मोटारींच्या हजार मैलांच्या चाचणीची आठवण म्हणून. रस्त्याच्या वहीत प्रत्येक वळणाचं छोटं चित्र असतं: ठिपका म्हणजे तुम्ही आलात ती बाजू, बाण म्हणजे जायचं तिकडे. नवरा वही धरतो. गेल्या खेपेला त्याने दोन चित्रं गाळली आणि आम्ही एका शेतकऱ्याच्या अंगणात पोचलो. मागच्या तीन गाड्याही विश्वासाने आत आल्या.

क्लबाची हत्यारं उसनी मिळतात, पण वहीत नाव लिहून. व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचा शिकंजा सध्या माझ्याकडे आहे, मंगळवारी परत द्यायचा आहे. त्याच्यासाठी ट्रायम्फ गाडीवाला दोनदा विचारून गेलाय.