वांग विएंग: नाम सोंगच्या पाण्याप्रमाणे आखायची सहल

लाओसमधलं वांग विएंग हे छोटं गाव नाम सोंग नदीच्या डाव्या काठावर आहे, पलीकडे चुनखडीचे उभे सुळके. तीन-चार रात्री ठेवा. कुठल्या दिवशी काय करायचं हे नदीचं पाणी ठरवतं, त्यामुळे पुण्यात बसून दिवसवार बुकिंग करू नका. राहायची पहिली रात्र तेवढी पक्की असू द्या.

नोव्हेंबर ते जानेवारी हा उत्तम काळ. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत तिथे रानं-शेतं जाळतात आणि धुरात सुळके दिसेनासे होतात. पावसाळ्यात लगूनचं, म्हणजे पोहायच्या डोहांचं, निळं पाणी गढूळतं, पाण्याच्या गुहा बंद राहतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल आणि दिवाळी ऑक्टोबरात असेल, तर नदी अजून भरलेली असणार हे धरून चला.

पुण्याहून किंवा मुंबईहून बँकॉक, तिथून रात्रीच्या रेल्वेने थायलंडच्या सीमेवरचं नोंग खाई, मग मेकाँग नदीवरचा मैत्री पूल ओलांडून लाओसची राजधानी व्हिएन्तिआन, हा मार्ग खिशाला परवडतो. थायलंडमध्ये दोनदा शिरायचंय, जाताना आणि परतताना, हे लोक विसरतात. भारतीयांसाठीचे थाई नियम बदलत असतात. तिकीट काढायच्या दिवशीच ते तपासा. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड दोन्ही वेळा, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. लाओसचा व्हिसा पुलावरच्या नाक्यावर मिळतो. डॉलरच्या स्वच्छ, न फाटलेल्या नोटा, एक फोटो आणि ६ महिन्यांहून जास्त मुदतीचा पासपोर्ट लागतो. नोटेला घडीची चीर असली तरी परत करतात.

व्हिएन्तिआनहून वांग विएंगला डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या लाओस-चीन रेल्वेने साधारण तासाभरात पोहोचता येतं. मात्र व्हिएन्तिआनचं स्टेशन शहराच्या बरंच बाहेर आहे. तिकिटं थोडेच दिवस आधी खुली होतात आणि सुट्ट्यांच्या काळात पटकन संपतात. न मिळालं तर द्रुतगती मार्गाने मिनीबस आहेच. स्टेशनवर विमानतळासारखी तपासणी होते आणि डिओचा डबा, डास मारायचा स्प्रे, फळं कापायची सुरी हे सगळं काढून घेतात. ओडोमॉसची ट्यूब चालते, तीच न्या.

पैसे किपमध्ये, म्हणजे लाओसच्या चलनात. रुपयाला साधारण २४० ते २५० किप मिळतात, म्हणून किमतीतली शेवटची तीन शून्यं काढून चारने गुणा: २०,००० किप म्हणजे ८० रुपये. भारतीय रुपये तिथे कोणी बदलून देत नाही आणि उरलेले किप देशाबाहेर बदलणं जवळपास अशक्य, तेव्हा थोडे थोडे काढा. बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर निघण्याआधीच सुरू करून ठेवा.

आता मुख्य गोष्ट, ट्यूबिंग. गावातल्या दुकानातून ट्यूब घ्यायची, अनामत भरायची. टुकटुक तुम्हाला तीन-चार किलोमीटर वर नेऊन सोडतं आणि तुम्ही वाहत गावात येता. हिवाळ्यात पाणी संथ असतं, काठावरच्या बारवर न थांबताही तीन तास सहज लागतात. डिसेंबरात साडेपाचला सूर्य मावळतो. म्हणून ११ ते १२ च्या दरम्यान पाण्यात उतरा. दोनला निघालेले अंधारात, थंडीने काकडत पोहोचतात आणि उशिराबद्दल अनामतीतले पैसे कापले जातात ते वेगळेच. पाणी जास्त असेल तर तेच अंतर तासा-दीड तासात संपतं आणि थांबायचं तिथे थांबता येत नाही. खडकवासल्यातून विसर्ग वाढल्यावर मुठा जशी तासाभरात रंग बदलते, तशी नदी दिसली तर त्या दिवशी जाऊ नका, दुकानदार हो म्हणाला तरी.

ट्यूब म्हणजे ट्रकच्या चाकाची काळी रबरी ट्यूब. बसण्याआधी व्हॉल्व्ह कुठे आहे ते हाताने चाचपा आणि तो खाली, पाण्याकडे करा. नाहीतर मांडी सोलवटून निघते. रबर उन्हात तापतं, आधी पाणी मारा. उथळ जागी खडक लागतात, तिथे कंबर वर उचलायची. लाइफ जॅकेट मागून घ्या, आपणहून देतीलच असं नाही. मोबाइल ड्राय बॅगेत, पायात मागे पट्टा असलेल्या चपला. गाव जवळ आलं की डाव्या काठाला यायला लवकर सुरुवात करा. हात मारत तिरकं यायला वाटतं त्यापेक्षा जास्त अंतर लागतं.

दारूबाबत कडक राहा. २०११ च्या आसपास या नदीवर इतके पर्यटक दगावले, की २०१२ मध्ये सरकारने तेव्हाचे काठावरचे बार आणि पाण्यात उडी मारायचे झोके पाडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये इथेच मिथेनॉलमिश्रित दारूने ६ परदेशी पर्यटक गेले. फुकटचे शॉट, बादलीतलं कॉकटेल, सुटी व्हिस्की नको. प्यायचीच तर समोर उघडलेली बिअर. मिथेनॉलची लक्षणं बऱ्याचदा १२ ते २४ तासांनी येतात: धूसर दिसणं, उलट्या, धाप. हँगओव्हर समजून झोपू नका, मोठ्या हॉस्पिटलकडे निघा. बरेच जण सीमेपलीकडे थायलंडमधल्या उदोन थानीला जातात. मेन्यूवर ‘हॅपी’ लिहिलेल्या पदार्थांच्या वाटेला जाऊ नका. ते अमली पदार्थ असतात आणि कायदा अतिशय कडक आहे.

लगून आणि डोंगरमाथ्यांसाठी स्कूटर घ्यावी लागते. त्यासाठी पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याच्या पंधरवडाभर आधी काढा. त्यावर दुचाकीची नोंद नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते. लाओसमध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवतात. चूक होते ती सकाळी रिकाम्या रस्त्यावर वळताना. पासपोर्ट तारण ठेवू नका, रोख ठेवा, आणि गाडीवरच्या ओरखड्यांचा व्हिडिओ दुकानदारासमोर घ्या.

ब्लू लगून १ गावापासून सात किलोमीटरवर. दहाच्या आत गाठलं तरच मजा, नंतर टूरच्या गाड्या येतात. वरच्या थाम फू खाम गुहेत निजलेल्या बुद्धाची मूर्ती आहे, हेडलॅम्प हवा. लगून ३ जास्त शांत. नाम साय माथा त्याच बाजूला आहे, तेव्हा दोन्ही एकाच दिवशी करा; वाट तीव्र चढाची आणि दगड धारदार, इथे मात्र बूट. मळलेली वाट सोडून रानात शिरू नका: लाओसमध्ये १९६४ ते १९७३ मधल्या बॉम्बवर्षावातले न फुटलेले बॉम्ब अजून सापडतात.

शाकाहाऱ्यांना खरा त्रास माशाच्या सॉसचा, तो भाजीतही असतो. ‘बो साय नाम पा’ म्हणा, म्हणजे फिश सॉस घालू नका. पपईच्या कोशिंबिरीत आंबवलेल्या माशांचं पादेक असतं, ती टाळाच. चिकट भात, म्हणजे खाओ निआओ, सगळीकडे मिळतो. सोबत पुण्याहून नेलेली शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट असलं की रात्रीचं जेवण झालं.