संग्रहाच्या छंदाचा इतिहास रद्दीतून कसा वाचवावा

तिकिटं, नाणी, काडेपेट्यांची लेबलं यांना किंमत असते, म्हणून ती जपली जातात. लिलावाचे कॅटलॉग, मंडळांची वार्तापत्रं, संग्राहकांचा आपसातला पत्रव्यवहार मात्र घर आवरताना आधी रद्दीत जातो. कुणी कुणाशी काय अदलाबदल केली, भाव कसे चढले, हे कळतं ते यातूनच. तेव्हा सुरुवात कागदांपासून करा.

खोकं उघडल्यावर लगेच आवराआवर नको. कागद ज्या क्रमाने सापडले तसेच त्यांचे फोटो घ्या. लखोट्यावरचं तिकीट तर भिजवून सोडवूच नका. पूर्वी सर्रास सोडवत. त्यात शिक्का अर्धा लखोट्यावर राहायचा, अर्धा तिकिटावर यायचा आणि पत्र कुठून कुठे गेलं हे पुसलं जायचं. १८४० साली आलेलं 'पेनी ब्लॅक' हे जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट. ते पावणेसात कोटींहून जास्त छापलं गेलं, त्यामुळे सुटं तिकीट आजही मिळतं. पहिल्या दिवसांतल्या तारखेचा शिक्का असलेला अख्खा लखोटा मात्र हाती लागणं कठीण.

टाचण्या आणि स्टेपल गंजतात, त्या हलक्या हाताने काढा. फाटलेल्याला सेलोटेप लावू नका. संग्रह ठेवायला पीव्हीसी प्लॅस्टिकचे मऊ खिसेही टाळा. त्यात नाण्यांवर हिरवट, चिकट थर धरतो. पॉलिएस्टरचे खिसे चालतात. नोंद करायची तर मागच्या बाजूला, मऊ पेन्सिलीने.

कागद ३०० डीपीआयवर (डीपीआय म्हणजे इंचामागे किती ठिपके), तिकिटं-लेबलं ६०० वर स्कॅन करा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग विषय. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

जुन्या संग्राहकांशी बोलताना "छंद कसा लागला?" विचारलंत, तर पाठ झालेलं उत्तर मिळेल. त्यापेक्षा अल्बम समोर उघडा, एका वस्तूवर बोट ठेवा आणि विचारा, "हे कुणाकडून आलं? बदल्यात काय दिलंत?" मग माणूस खुलतो. परवानगी घेऊन रेकॉर्डिंग करा.

इतरांना दाखवण्याआधी पत्ते झाका आणि फोटोतली लोकेशनची माहिती काढून टाका; मौल्यवान संग्रह कुठे आहे हे जगाला कळायला नको. पत्र तुमच्याकडे असलं तरी मजकुरावर हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो, तेव्हा छापण्याआधी विचारा. ग्रंथालयाला द्यायचं असेल तर आधी यादी पाठवा. न विचारता नेलेली खोकी बहुधा कोपऱ्यात पडून राहतात.

आणि घरच्यांसाठी खोक्यावरच एक चिठ्ठी डकवा: आत काय आहे, ते कुणाला द्यायचं, कुणाला फोन करायचा.